आईच्या वेळेचं घड्याळ

मी एक जुनं, चावीचं घड्याळ आहे. माझी तबकडी पिवळी पडली आहे, सातचा आकडा अर्धा पुसला गेला आहे आणि मी चालताना थोडा लंगडतो. याचं मला काही वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, मी एकदा खोटी वेळ सांगितली. ते कबूल केल्याशिवाय बाकीची गोष्ट सांगायचा मला हक्क नाही.

मी कुठे घडलो ते मला आठवत नाही. आठवतं ते अमेरिकेतल्या आयडाहोमधलं एक स्वयंपाकघर. खिडकीबाहेर बटाट्याची शेतं, खाली शेगडी, वर मी. माझ्या मालकिणीचं नाव इल्डा. दर शनिवारी ती मला चावी द्यायची, पदर असावा तसा एप्रन हातात धरून माझी काच पुसायची.

तिच्या देशाची एक रीत आहे. मार्चमधल्या एका रविवारी सगळे लोक घड्याळं तासभर पुढे सरकवतात आणि नोव्हेंबरात पुन्हा मागे आणतात. हे काम इल्डा दुसऱ्या कुणाला करू देत नसे. खुर्चीवर चढून ती माझा मोठा काटा बोटाने हळूच फिरवायची आणि म्हणायची, "चल बाबा, तुला स्वतःहून काही कळायचं नाही."

एका वर्षी मला पुढे सरकवताना ती खुर्ची डगमगली आणि आम्ही दोघं खाली आलो. तिचं मनगट मोडलं, माझ्या आतलं काहीतरी वाकलं. मनगट सांधलं, पण मी तेव्हापासून 'टिक... टक्‌टिक... टक्' असाच चालतो. तिची दहा वर्षांची मुलगी, व्हर्ला, तेव्हा दारात उभी राहून हमसून हमसून रडत होती.

हीच व्हर्ला एकोणसत्तर वर्षांची झाली, तेव्हा तिने आणि तिचा नवरा ऑरिन याने चर्चच्या सेवेसाठी दीड वर्ष परदेशी जायचं ठरवलं. जायचं होतं फिलिपिन्समधल्या एका किनाऱ्यावरच्या गावात. इल्डा तोवर चौऱ्याण्णव वर्षांची झाली होती आणि वृद्धाश्रमात राहत होती. तिला एकेक नाव विसरायला होत होतं. व्हर्लाचा पाय निघेना.

"जा गं," इल्डा म्हणाली. "दर रविवारी संध्याकाळी सहाला फोन कर म्हणजे झालं. आणि हे घड्याळ ने. माझ्या वेळेवर लावून ठेव. मी जेवतेय की झोपलेय, तुला तिथे बसून कळेल."

असा मी स्वेटरमध्ये गुंडाळून समुद्र ओलांडला. आमची घरमालकीण मानांग, म्हणजे ताई, पासिंग हिच्या घराच्या वरच्या मजल्यावर मला खिळा मिळाला. शेजारी प्लॅस्टिकचं एक घड्याळ होतं, कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातून फुकट आलेलं, तबकडीवर लाल कोंबडा. ते गावाची वेळ दाखवायचं, मी आईची.

सकाळी ऑरिन चर्चच्या विहिरीवरचा पंप दुरुस्त करायला जायचा. तो पंप महिन्यातून दोनदा हटकून बिघडायचा. व्हर्ला दुपारी बायकांना पेटीसारखा कीबोर्ड वाजवायला शिकवायची, मग दोघं मिळून आजारी माणसांच्या घरी जायची. रात्रीच्या भात-मासळीनंतर ऑरिनला पुस्तकावरच डुलकी लागायची. आणि येता-जाता व्हर्ला माझ्याकडे बघायची. "आई आता उठली असेल. आता ओट्स खात असेल आणि नर्सला नावं ठेवत असेल."

"सिस्टर," चर्चमधल्या रीतीने हाक मारत मानांग पासिंग हसायची, "तुमचं पोट आमच्या कोंबड्यावर चालतं आणि डोळे त्या लंगड्यावर! एक दिवस मान लचकेल बघा."

खरं सांगतो, हे ऐकून मी फुगायचो. तिथे इतकी माणसं तिला जीव लावत होती, पण ती बघायची माझ्याकडे. मला वाटायचं, मीच तिची आई आहे.

दर सोमवारी सकाळी कोंबड्याच्या घड्याळात आठ, आणि नोव्हेंबरनंतर नऊ, वाजले की माझ्यात रविवारचे सहा वाजत. तिकडे इल्डा निळा स्वेटर घालून फोनजवळ बसलेली असायची. "कोण, व्हर्ला? जेवलीस का?" नर्स एकदा म्हणाली होती, "हा फोन चुकवू नका हं. त्याच्यामुळेच तुमचं नाव अजून त्यांच्या तोंडात आहे."

नोव्हेंबरात ऑरिनने मला आठवणीने मागे घेतलं. मार्चमध्ये मात्र पंप जळाला. तो रविवार त्याचा ग्रीस पुसण्यात गेला. मला पुढे सरकवायचं राहिलं. फोनमध्ये बघितलं असतं तर व्हर्लाला खरी वेळ कळली असती, पण ती म्हणायची, "आईचं घड्याळ असताना फोनला कशाला विचारू?"

सोमवारी मी ऐटीत सहा दाखवले. व्हर्लाने फोन लावला.

"अहो, आत्ताच झोपवलं त्यांना," नर्स म्हणाली. "सात वाजले की इथे! तासभर बसून होत्या. फोनला कुणाला हात लावू देईनात. शेवटी म्हणाल्या, मुलगी समुद्रापलीकडे गेली आणि मला विसरली."

"सात?" व्हर्ला म्हणाली, आणि तिने माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, ते बघणं मी अजून विसरलो नाही.

"चूक माझी आहे," ऑरिन म्हणाला.

"तू पंपाला चिकटला होतास. मी बघायला हवं होतं."

"मग मी घरात आहे कशाला?"

"पंप दुरुस्त करायला!"

दोघांना हसू येऊ घातलं आणि तिथेच विरलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, चूक माझी आहे, माझी. पण मला टिकटिक करण्यापलीकडे काही येत नाही. ऑरिन मला सरकवायला स्टूलवर चढला, तर व्हर्ला म्हणाली, "नको. राहू दे तसंच. मला रोज दिसू दे."

मंगळवारी तिने फोन केला, बुधवारीही केला. "आज रविवार नाही," एवढंच बोलून इल्डा फोन ठेवायला लावायची. तो आठवडाभर मी भिंतीवर टांगलेला राहिलो, दर मिनिटाला खोटं बोलत.

पुढच्या सोमवारी व्हर्लाने कोंबड्याकडे बघून बरोबर आठला, म्हणजे तिकडच्या सहाला, फोन लावला.

"आई, मी व्हर्ला."

"व्हर्ला परदेशी गेली. तुम्ही कोण बाई?"

"मीच गं आई. व्हर्ला."

"घर चुकलं वाटतं तुमचं," इल्डा अगदी अदबीने म्हणाली.

दारात मानांग पासिंग केळीच्या पानातला गोड भात घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं, स्टूल ओढलं आणि मला खिळ्यावरून उतरवून फोनसमोर धरलं. "जरा ह्या लंगड्याला बोलू द्या, सिस्टर."

टिक... टक्‌टिक... टक्.

मग इल्डा म्हणाली, "हे माझं घड्याळ."

"हो, आई."

"मार्च लागला ना? पुढे सरकवलंस?"

"नाही, आई. विसरले मी."

"मग सरकव. त्याला स्वतःहून काही कळत नाही. आणि त्या खुर्चीवर चढू नकोस हं, व्हर्ला, डगमगते ती. रडतेस कशाला? फारसं दुखत नाही मनगट."

व्हर्लाने बोटाने माझा मोठा काटा हळूच फिरवला. आईला नाव आठवलं होतं, पण ते दारात रडणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीचं.

मी आता बरोबर चालतो. ऑरिनने माझ्या शेजारी कागद चिकटवला आहे: 'मार्च. नोव्हेंबर. पंप गेला खड्ड्यात.' व्हर्ला हल्ली दहा मिनिटं आधीच फोन घेऊन बसते. कधी इल्डा तिला ओळखते, कधी नुसतं मला ऐकते. माझा काटा पुढे गेला, पण निळा स्वेटर घालून ती ज्या तासात बसून राहिली, तो मला सरकवता आला नाही.

म्हणून, मित्रांनो, मला पुसा, चावी द्या, हवं तर माझ्या लंगडण्याला हसा. पण तुमच्यासाठी कुणी ठरल्या वेळी खुर्ची ओढून बसत असेल, तर त्या माणसाची वेळ माझ्यासारख्यावर सोपवून निर्धास्त होऊ नका. मला फक्त फिरता येतं. आठवण तुम्हांला ठेवावी लागते.