पेळू तुटू नये म्हणून

उमाकांत हुकेरीकरांनी खिडकीची कडी दोनदा ओढून पाहिली. ती हलली नाही. चौकटीवर आडवी फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर कापसाचे तंतू बोटभर साचले होते. हात रुमालाला पुसत त्यांनी विचारलं,

"या कधीपासून बंद आहेत?"

"जुनी गोष्ट आहे सर," गिरणीचे मॅनेजर भीमाचार्य म्हणाले. "कागद काही सापडत नाही."

कागद सापडणारच नव्हता. १९५३ च्या उन्हाळ्यात, ते स्वतः इथे मॅनेजर असताना, हुकूम त्यांनी तोंडी दिला होता. पिंजलेल्या कापसाचा वातीसारखा पेळू वाऱ्यानं तुटायचा, माल वाया जायचा. खिडक्या ठोकल्या आणि उत्पादन वाढलं. बंगळुरात नाव झालं, आणि तीन वर्षांनी सरकारनं त्यांना वस्त्रोद्योगाचे सल्लागार म्हणून बोलावून घेतलं. आता त्याच कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यातल्या अकरा कामगारांचा खोकला हटत नव्हता, आणि चौकशीला सरकारनं त्यांनाच पाठवलं होतं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. सकाळी बसवनगुडीच्या घरातून निघताना पत्नी क्षमानं त्यांच्या शर्टाची चुकीची लागलेली बटणं काढून पुन्हा लावली होती. कारण तिनंही विचारलं नव्हतं.

दुपारी कचेरीत जबान्या सुरू झाल्या. चौकशीचे सचिव हयवदन लिहून घेत होते. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, खंडोजी पुढे आला. बेळगावकडचा माणूस, तीस वर्षं याच यंत्रांवर काढलेला. चार महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. तो हुकूम त्यानंच स्वतःच्या कानांनी ऐकला होता. उमाकांतांच्या हातातली पेन्सिल थांबली.

"खिडक्या कोणी बंद करायला लावल्या?" हयवदननी विचारलं.

"मीच ठोकल्या," खंडोजी म्हणाला. "माझ्या मनानं. कुणी सांगितलं नव्हतं."

भीमाचार्यांनी नजर खाली घातली. हयवदननी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. उमाकांतांना एकदम हलकं वाटलं. हलकं वाटल्याचं ध्यानात आलं, तशी कानशिलं तापली.

"थोडं थांबू," ते म्हणाले आणि उठून व्हरांड्यात गेले. खंडोजी मागोमाग बाहेर आला आणि भिंतीला टेकून खोकू लागला. खोकला थांबेपर्यंत ते उभे राहिले.

"खंडोजी, हे काय सांगितलंत? नोकरी जाईल तुमची. निवृत्तीचं काही हाती येणार नाही."

"ठाऊक हाय की, अण्णा."

"भीमाचार्यांनी सांगायला लावलं?"

"त्यांनी सांगितलं खरं. पण मी माझ्या हिशोबानं बोललो." खंडोजीनं आवाज उतरवला. "तुमचं नाव आलं तर तुम्हाला तिथनं काढतील. मग दुसरा कोण येईल? त्याला पेळू म्हंजे काय ते तरी कळंल? तुम्ही खुर्चीवर ऱ्हावा, अन् आमच्या पोरांचं बघा. माझं काय, स्वल्प दिवस उरलेत."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अहवाल उमाकांतांनी लिहिला तर फळ्या महिन्याभरात निघतील. दुसऱ्याच्या हाती गेला तर किती वर्षं, कोण जाणे. हाच विचार आपल्याही मनात सकाळपासून घोळत होता, हेही त्यांना आठवलं. फक्त आपण त्याला इतकं चांगलं नाव दिलं नव्हतं.

ते आत आले. टेबलामागच्या आपल्या खुर्चीशी क्षणभर थांबले, मग वळसा घालून समोरच्या बाकावर बसले.

"हयवदन, ती जबानी खोडा. माझी लिहून घ्या."

"सर," हयवदन चाचरत म्हणाले, "मग चौकशी तुमच्याकडे राहणार नाही. कदाचित पदही..."

"लिहा."

खंडोजी दारात येऊन उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा मागमूस नव्हता. तो उमाकांतांकडे असा बघत होता, जणू हातातोंडाशी आलेलं काही त्यांनी सांडून टाकलं होतं. मग तो खात्याकडे चालू लागला. दुसरी पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती.

हयवदननी नवा कागद ओढला. सहा वर्षं ते उमाकांतांच्या हाताखाली होते. तरीही त्यांनी रीतीप्रमाणे, खाली बघत, विचारलं,

"पूर्ण नाव?"