धापेचे स्वल्पविराम

ही गोष्ट दोन हजार एकवीस सालची. त्या वर्षाच्या सुरुवातीला मला कोरोना झाला. पंधरा दिवसांत गेलाही, पण जाताना माझा अर्धा दम घेऊन गेला.

मी आणि माझी नणंद एकाच छापखान्यात एकेचाळीस वर्षं मुद्रितं तपासत होतो. मी हस्तलिखित मोठ्यानं वाचायचे आणि वन्सं लाल पेनानं छापील कागदावरच्या चुका दुरुस्त करायच्या. खरं तर वाचताना प्रत्येक विरामचिन्हाचं नाव घ्यावं लागतं. आमचं तसं नव्हतं. मी किंचित थांबले की स्वल्पविराम, टेबलावर टिचकी मारली की पूर्णविराम. नव्या नवरीनं वन्संशी कमीत कमी बोलावं म्हणून काढलेली ती युक्ती. पुढे आमचं मेतकूट जमलं, तरी युक्ती राहिली.

आजारानंतर छापखान्याच्या चोवीस पायऱ्या चढून वर आमच्या टेबलाशी गेले की छातीत धडधडायचं. ओळीच्या मध्येच श्वास संपायचा. ओळखीचा शब्द ओठांवर येऊन परत फिरायचा. डॉक्टर म्हणाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग सांगायचं तरी काय? मी छापखान्यात तेवढंच सांगितलं आणि नेटानं वाचत राहिले.

आम्ही तपासलेलं मधमाश्या पाळण्याचं पुस्तक छापून आलं आणि धाकट्या मालकांनी आम्हाला बोलावलं. लहानपणी कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपणारा हा मुलगा आता नाकावर चष्मा ठेवून वाचत होता, "'माश्यांना घाबरून पळू, नका. पेटीचं, झाकण उघडा.' काकू, आपल्या पुस्तकात माश्यासुद्धा धापा टाकतात. दोनशे सतरा स्वल्पविराम जास्तीचे आहेत."

वन्संनी पान ओढून घेतलं. एकेका चिन्हावर बोट ठेवत गेल्या.

"वहिनी, हे तुमचे श्वास?"

"हो."

"मला वाटलं, लेखकच नखरेल आहे."

मालक हसले नाहीत. "रिपोर्ट तर चांगले आहेत म्हणता. काकू, आता घरी आराम करा. हल्ली कॉम्प्युटर वाचून दाखवतो. तो दमत नाही."

एकेचाळीस वर्षांची माझी खुर्ची तो एका वाक्यात काढून घेत होता.

"रिपोर्ट नॉर्मल आहेत, मी नाही," मी म्हटलं. "सहा महिने लपवलं, ती माझी चूक. पण घरी बसणार नाही. लेखकानं राणीमाशीला कोंबडीसारखं अंडी उबवायला बसवलं होतं, ते कुणी पकडलं?"

"तुम्ही."

"धापा टाकत पकडलं. आता टेबल खाली आणा. तीन पानं वाचली की मी दहा मिनिटं थांबणार. स्वल्पविरामाला एक टिचकी, पूर्णविरामाला दोन. गप्प बसले तर बाई श्वास घेतेय, तो छापायचा नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर दोन खुर्च्या रिकाम्या होतील," वन्सं म्हणाल्या. "चिन्हं मी घातलीत, वहिनींनी नाही."

पुढचं पुस्तक चारशे पानांचं होतं. वेळ दीडपट लागला. मालकांनी स्वतः ओळ न् ओळ तपासली. एकच चूक निघाली, ती त्यांच्याच प्रस्तावनेत.

टेबल खालीच राहिलं. पुढच्या वर्षी मालकांना तोच आजार झाला आणि ते गिऱ्हाइकांची नावं विसरू लागले. मी म्हटलं, "तीन पानांनी थांबा." आता ते थांबतात. डॉक्टर हल्ली आधी माणसाचं ऐकतात, मग रिपोर्ट वाचतात. वन्सं मोतीबिंदूनंतर लेकीकडे राहायला गेल्या. फोनवर मी गप्प झाले की अजून विचारतात, "स्वल्पविराम की श्वास?"

माझा दम पुरता परत आला नाही. येणारही नाही कदाचित. मी अजून त्याच टेबलाशी बसते. हे लिहिताना कितीदा थांबले, ते विचारू नका. त्यातला एकही थांबा छापलेला नाही.