इंग्गिह म्हणजे हो नव्हे

परदेशी प्रवेशाच्या परीक्षेत वेनिंगला गणितात १४६ गुण मिळाले तेव्हा तिच्या इबूने, म्हणजे आईने, एवढंच विचारलं, की हे किती पैकी. एकशे सत्तर पैकी, आणि एकशे तीसच्या खाली कुणालाच देत नाहीत, हे कळल्यावर इबू हसली. म्हणाली, "म्हणजे नुसतं खुर्चीवर जाऊन बसलं तरी एकशे तीस मिळतात? मग वरच्या सोळासाठी तीन महिने कशाला डोळे फोडलेस?"

हसण्यासारखंच होतं, पण वेनिंगला हसू आलं नाही. जावाच्या सेमारांग बंदरातल्या भरती-ओहोटी मोजणाऱ्या कचेरीत ती पाच वर्षं आकडेच लिहीत होती. समुद्र आज किती चढला आणि शहर वर्षभरात किती खचलं, हे तिच्या वहीत असायचं. पाणी तर तिच्या गल्लीतच मुक्कामाला होतं. इबूने घराची जमीन तीनदा भर घालून उंच करून घेतली होती, त्यामुळे आता दारातून आत येताना पाहुण्यांना मान वाकवावी लागे. खचणाऱ्या किनाऱ्यांवर पुढचं शिक्षण घ्यायचं, तेही परदेशात आणि सरकारी शिष्यवृत्तीवर, हे वेनिंगचं एकच स्वप्न होतं. त्याला गणितात एकशे साठ हवे होते आणि ते नोव्हेंबर संपायच्या आत हवे होते. पुढच्या वर्षी ती शिष्यवृत्तीच्या वयात बसणार नव्हती.

मुलगी हुशार होती, कष्टाळू होती. दोष एकच, तिला 'नाही' म्हणता येत नसे. जावामध्ये मोठ्या माणसाला तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, 'इंग्गिह' म्हणतात. इंग्गिह म्हणजे हो. इंग्गिह म्हणजे नुसतं 'ऐकलं' असंही. दोन्हींना शब्द एकच, आवाजही एकच, पण इबूच्या कानाला फरक कळायचा. येताना मासळी आण म्हटलं आणि वेनिंग इंग्गिह म्हणाली, की ती विचारायची, "हे आणणारं इंग्गिह आहे का विसरणारं?" आणि इबूला ते विसरणारं वाटलं की मासळी खरोखरच येत नसे.

शिकवणीवाल्या बापाक तीर्तोंचा पत्ता कचेरीतल्याच कुणीतरी दिला; बापाक हे मोठ्या माणसाला मानाने म्हणायचं. जुन्या शहरात कालव्याकाठी त्यांचं घर होतं आणि पुढच्या खोलीत शिकवणी चालायची. साठीचा माणूस, इस्त्रीचा बाटिक शर्ट, आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे झुकावं लागे. एकशे सेहेचाळीसवर ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी जाईच्या वासाचा गोडमिट्ट चहा पुढे केला आणि म्हणाले, "गुण वाढवणं अवघड नसतं. लोक उगीच जीव काढतात."

त्या पहिल्या दिवशी त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. अर्ज, नोंदणी, तारीख हे सगळं त्यांनीच बघितलं तर चालेल का? वेनिंग म्हणाली, इंग्गिह. फोटो इथेच काढायचा, आणि दोन-चार सह्या कोऱ्या कागदावर करून ठेवायच्या, चालेल? इंग्गिह. तिसरी गोष्ट विचारताना त्यांनी चहात साखर ढवळत खाली बघितलं. "परीक्षेच्या दिवशी तुम्हाला त्रास नको. आमचं माणूस सोबत असतं, ते सगळं निभावून नेतं. तुम्ही फक्त तयार झालेलं हातात घ्यायचं. चालेल ना?"

कसलं माणूस, काय निभावून नेतं, हे विचारायला हवं होतं. पण माणूस वयाने मोठा, चहा त्यांनी स्वतः ओतलेला, आणि बाकीची मुलं ऐकत बसलेली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. ती म्हणाली, "इंग्गिह."

शिकवणीत शिकवणं फारसं नव्हतंच. सराव परीक्षेचा कागद मिळायचा, तो सोडवायचा, चुकायचा आणि परत द्यायचा. वेनिंगचे गुण एकशे पंचेचाळीस-सत्तेचाळीसच्या मध्ये अडकले होते, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बापाक तीर्तो कागद बघून मान हलवत आणि म्हणत, राहू द्या. मागच्या बाकावर लिंतांग नावाची एक मुलगी बसायची. तिचा कागद कधीच चुकत नसे, तरी ती दर वेळी येऊन बसायची. ती सोडवण्यापेक्षा वेनिंगकडेच जास्त बघायची. कशी बसते, पेन कुठल्या बोटांत धरते, हे बघायची. ऑक्टोबरमध्ये तिने वेनिंगसारखा काळ्या जाड काड्यांचा चष्मा घेतला. एकदा कपबश्या उचलताना तिच्या वहीचं पान उघडं राहिलं, तर त्यावर वेनिंगची सही वरपासून खालपर्यंत चाळीसेक वेळा होती. खालच्या सह्या वेनिंगलाही स्वतःच्याच वाटल्या. घरी येईपर्यंत तिने स्वतःची समजूत घातली, की मुलगी जरा विचित्र आहे, झालं.

नोव्हेंबर लागला तसं प्रवेशपत्राची एक प्रत घरी आली. त्यावरची तारीख कुठे दिसेना, ती जागा झेरॉक्समध्ये पांढरी पडली होती. शनिवारी परीक्षा आहे, असं बापाकांनी तोंडी सांगितलं होतं. इबू शेंगा मोडत बसली होती. तिने कागद हातभर लांब धरला आणि फोटो बराच वेळ बघितला.

"या भुवया कुणाच्या गं?"

वेनिंग म्हणाली, हल्ली फोटोवाले साफसूफ करतात. इबू म्हणाली की साफ करताना भुवया बदलतात हे तिने आजच ऐकलं, आणि नाकही वडिलांकडच्या कुणाचं दिसत नाही, हनुवटीवरचा तीळ तेवढा आपला आहे. मग ती शेंगांकडे वळली. वेनिंगने कागद उचलून उजेडात धरला. फोटो तिचाच होता आणि नव्हताही. दोन चेहरे एकावर एक ठेवून मधली रेघ पुसावी तसं ते तोंड होतं. पुढच्या वर्गाला गेली तेव्हा तिने मागे वळून लिंतांगकडे नीट पाहिलं. लिंतांगच्या हनुवटीवर सप्टेंबरात तीळ नव्हता. आता होता.

त्या दिवशीही बापाक तीर्तोंनी विचारलं, सगळं ठीक ना? आणि त्या दिवशीही ती तेच म्हणाली.

परीक्षेच्या आधीच्या मंगळवारी कचेरीत गंमत झाली. बंदरावर परदेशातून पाणी मोजायचं नवं यंत्र आलं होतं. त्याच्या पट्टीवर १.२५० असं छापून आलं आणि वहीत उतरवणाऱ्या म्हाताऱ्या दार्सोनोंनी सरळ बाराशे पन्नास मीटर लिहिलं. मग आकडा वाचून ते खुर्चीत मागे टेकले. "चला, घरी जाऊ. समुद्र सव्वा किलोमीटर वर आलाय, आता कसली वही लिहिताय."

सगळे हसले. वेनिंगही हसली, आणि हसता हसता थांबली. त्यांच्या देशात हजाराला टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम, पहिलीपासून तसंच. बाहेरच्या लोकांचं बरोब्बर उलटं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण पाच वर्षं रोज १,२५० लिहून सव्वा मीटर वाचणाऱ्या डोळ्यांना घाईत कोण सांगणार? परीक्षेतल्या तक्त्यात गावाची लोकसंख्या ४,२०० असली, की तिच्या डोक्यात चार पूर्णांक दोन बसायचं आणि पुढचं सगळं गणित नेमकेपणाने चुकायचं. त्यात ही परीक्षा अशी, की पहिल्या भागात चुकलं की दुसरा भाग सोपा देतात, आणि सोपा कितीही सोडवला तरी गुण चढत नाहीत. पाच-सहा टिंबा-स्वल्पविरामांनी तिला तीन महिने मूर्ख ठरवलं होतं.

तिने बुधवारी रजा टाकली आणि पेन्सिलीने प्रत्येक स्वल्पविरामाला गोल करत सराव परीक्षा सोडवल्या. एकशे त्रेसष्ट, मग एकशे पासष्ट, मग एकशे सहासष्ट. तिसऱ्या वेळी ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि रडली. इबूने विचारलं, काय झालं, तर म्हणाली की काही नाही, मी ढ नाहीये.

गुरुवारी दुपारी ती कालव्याकाठच्या घरी गेली. वाटेत तिने वाक्य पाठ केलं होतं. बापाक तीर्तोंना तिने टिंबाची सगळी गोष्ट सांगितली आणि शेवटी धीर करून म्हणाली, "शनिवारी मी एकटीच जाईन, बापाक. तुमच्या माणसाची गरज नाही."

त्यांनी मन लावून ऐकलं. खरंच खूश झालेले दिसले. "छान झालं," ते म्हणाले. "पण तुम्ही मंगळवारी सकाळीच परीक्षा देऊन आलात."

वेनिंगला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"एकशे सदुसष्ट. सकाळीच मेसेज केला, तुमच्या आईंना. म्हटलं, आधी आईला कळावं."

"मी मंगळवारी कचेरीत होते."

"तीनदा विचारलं मी तुम्हाला. तीनदा इंग्गिह म्हणालात. जबरदस्ती मी कुणावर करत नाही." आवाज तेवढाच हळू होता, आणि या वेळीही तिला पुढे झुकावं लागलं.

ती म्हणाली, परीक्षा घेणाऱ्यांना कळवते. ते म्हणाले, अवश्य कळवा. मग ते लोक विचारतील की फोटो कुणाचा आणि सही कुणाची. दोन्ही तुमचीच आहेत, निम्मी तरी. तुमचं नाव कायमचं काळ्या यादीत जाईल. पुन्हा बसायचं तर मध्ये एकवीस दिवस जावे लागतात आणि अर्जाला उरलेत नऊ. हे सगळं त्यांनी डॉक्टर पथ्य सांगतात तसं सांगितलं. वेनिंगच्या पायाखालची जमीन या शहरात रोजच थोडी खचायची, पण ती इतकी सरकलेली तिला कधी जाणवली नव्हती.

"आणि फी?" तिने कसंबसं विचारलं.

"फीचं कोण बोलतंय? तुम्हाला टिंब सापडलंय, ते वाया घालवू नका. सोलो शहरात एक मुलगी आहे, चेहरा तुमच्यासारखाच गोल. मार्चमध्ये तिची परीक्षा. तुम्ही परदेशी जाल ऑगस्टात, तोवर वेळ आहे. चालेल ना?"

इंग्गिह अगदी दातांपर्यंत आलं. तिने तोंड घट्ट मिटलं. पण नाही हा शब्दही निघाला नाही, आणि बापाकांनी मान हलवली, जणू उत्तर मिळालं.

बाहेर पडवीत लिंतांग कपबश्या धूत होती. वेनिंग जवळून जाताना ती मान वर न करता म्हणाली, "मीपण इंग्गिहच म्हटलं होतं. चार वर्षं झाली." तिने ओल्या मनगटाने हनुवटी पुसली, तर तीळ पुसला गेला.

घरी पिवळ्या भाताचा वास दारापर्यंत आला होता. इबूने तसूभरही कसर ठेवली नव्हती. केळीच्या पानावर भाताचा उंच शंकू, आनंदाच्या दिवशी करतात तसा, भोवती कोंबडी, अंडी, तळलेलं सुकट. गल्लीतल्या चौघींना बोलावणं गेलं होतं. एकशे सदुसष्ट म्हणजे सदतीस कमावलेस की गं, ती म्हणाली, आणि मेसेज बघत, ओट्यावरचं प्रवेशपत्र बघत पुन्हा पुन्हा हसत राहिली. मग कुठेतरी ती भुवयांशी अडली.

"वेनिंग, परीक्षा तूच दिलीस ना?"

वेनिंगने भाताकडे बघितलं. इतकी वर्षं त्या घरात जो शब्द सगळ्यात सोपा होता तोच तोंडातून निघाला. "इंग्गिह."

इबूच्या कानाला फरक कळला. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला विचारावं लागतच नसे. चमचा उलटा करून तिने भाताचा शंकू वरून दाबला, तो ढासळला, मग तिने तो सगळीकडे सारखा पसरवला. "बायकांना सांगते, सहज केला होता," ती म्हणाली.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. बापाक तीर्तोंचाच मेसेज होता. इबूने तो हातभर लांब धरला. एक गोल चेहरा होता, ओठ कुणा परक्या मुलीचे, भुवया वेनिंगच्या, आणि हनुवटीवर तोच तीळ.

"आणि ही?" इबूने विचारलं. "ही पण तूच का?"

बाहेर गल्लीतल्या पाण्यातून चपला वाजवत शेजारणी येत होत्या. पहिलीने दारात मान वाकवली, तेव्हा वेनिंगचं बोट स्वतःच्या हनुवटीवरच्या तिळावर होतं.