आठपट जागं झालेलं रक्त

वाचनालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी शाळेची मुलं जिथे नाटकं करतात, त्या व्यासपीठावर एक तसबीर मांडली होती. तसबीर संताची नव्हती, मेरीमातेचीही नव्हती. चौकटीत होता एक आलेख: एक बुटका खांब, एक उंच खांब. बायका रांगेने येत, क्रूसाची खूण करत आणि उंच खांबावर, काचेवरूनच, ओठ टेकवत. काच पुसायला एक बाई फडकं घेऊन उभीच होती.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून छापून आलेला तो आलेख मी काढलेला होता. खाली माझी सही होती.

तसबिरीशेजारच्या खुर्चीवरून पाणी मंतरून देणारे मानोल आजोबा ओरडत होते, "आईच्या पोटात असताना तुमच्या रक्तात एक बीज जागं असतं. जन्माला आलात की ते झोपतं! डॉक्टर त्याला सुया टोचतात. मी त्याला हाक मारतो. नऊ झऱ्यांचं पाणी, नऊ पानं, नऊ फुंकरी!"

"आणि गुण नाही आला तर, आजोबा?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर फुंकर माझी बरोबर होती, विश्वास तुझा कमी पडला! आणि हे मी नाही म्हणत, विद्यापीठाचं यंत्र म्हणतं. आठपट!"

काय सोय आहे बघा. बरं वाटलं तर पाण्याची किमया, नाही वाटलं तर तुमचा दोष.

पण त्या थापेत एक कण खरा होता, म्हणून ती खपत होती. थॅलेसेमियाच्या मुलांचं रक्त टिकत नाही. दर तीन आठवड्यांनी त्यांना दुसऱ्याचं चढवावं लागतं. पोटातल्या बाळाचं रक्त घडवणारं एक जनुक जन्मानंतर खरोखरच मंदावतं, आणि ते पुन्हा जागं झालं तर या मुलांचे हाल कमी होतात. पाण्याने ते जागं होतं का, एवढंच आम्ही मोजलं होतं.

पहिल्या रांगेत माझी शेजारीण झ्लातिना बसली होती. मांडीवर सात वर्षांची देया, ओठ पांढरेफटक. रक्त चढवायच्या दोन तारखा झ्लातिनाने चुकवल्या होत्या.

"ऊठ, पोरीला घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल," मी म्हटलं.

"तूच मोजलंस ना गं, एव्दोकिया? मग आता का घाबरवतेस?"

"मोजण्यात चूक झाली."

"आठपट चूक? इतकी शिकलेली बाई तू!"

मी सरळ व्यासपीठावर चढले आणि सगळं सांगून टाकलं.

सहा डिसेंबरला आमच्याकडे चोवीस जणांचं रक्त आलं. बारा पाणी पिणारे, बारा न पिणारे. शहाणा माणूस काय करील? नळ्या मिसळील, त्यांवर नुसते आकडे घालील, म्हणजे आपण कुणाची नळी हाताळतोय हे हाताला कळू नये. आम्ही सोय बघितली. पिणाऱ्यांच्या नळ्या सकाळी उरकल्या. दुपारी न पिणाऱ्यांच्या घेणार, तोच आमचे प्रमुख प्रोफेसर निकोला यांच्या पत्नी तळहाताएवढ्या जाडीचा, पिठाच्या कवचात भाजलेला मासा घेऊन आल्या. संत निकोलसचा दिवस, म्हणजे त्या संताचं नाव लावणाऱ्या प्रोफेसरांचा नामदिन. आम्हा बल्गेरियन लोकांत नामदिनाला आमंत्रण नसतं, जायचंच असतं. आणि ताटावरून उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं.

"एवढ्या नळ्या मार्गी लावून येते," मी म्हटलं होतं.

"बस गं!" प्रोफेसर म्हणाले. "रक्त काय पळून जातंय?"

रक्त पळालं नाही, कुजलं. जनुक जागं आहे की नाही, हे त्याने पेशीत धाडलेल्या निरोपांवरून कळतं. ते निरोप फार नाशवंत. न पिणाऱ्यांच्या नळ्या चार तास हीटरशेजारी पडून होत्या. पिणाऱ्यांचा खांब वाढला नव्हता, दुसरा खचला होता.

प्रत्येक पेशीत सदा सारखं चालणारं एखादं जनुक सोबत मोजलं असतं, तर तिथेच चोरी पकडली गेली असती. वेळ वाचवायला आम्ही ते गाळलं. फेब्रुवारीत मनाला टोचणी लागली, उरलेल्या द्रावात ते मोजलं; तेही पिणाऱ्यांत आठपट! म्हणजे फरक पाण्याचा नव्हता, नळ्यांचा होता. मग नवं रक्त घेतलं, नळ्या मिसळल्या, सगळ्या एकाच वेळी बर्फात ठेवल्या, प्रत्येक तीनदा मोजली. दोन्ही खांब सारखे. प्रोफेसर म्हणाले, "छापलं त्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र काढू, घाई नको." ते पत्र अजून त्यांच्या टेबलावर आहे.

काच पुसणारी बाई फडकं खाली ठेवून माझ्याकडे बघू लागली. क्षणभर मला आशा वाटली.

"त्या दिवशी खोटं बोललीस की आज?" एक म्हातारा ओरडला.

मानोल आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लेकीवर रागावू नका! बिचारीने या खेपेला नळ्या बर्फात ठेवल्या. गारठ्यात बीज जागं होईल का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी बोलत राहिले, पण माझं मलाच ऐकू येईना.

बाहेर पायरीवर देया धापा टाकत बसली होती. झ्लातिनाने माझी बाही धरली.

"खरं सांग. आठपट नसेल. चौपट?"

"नाही."

"दुप्पट तरी?"

"नाही गं."

"थोडंसंसुद्धा नाही?"

"काहीच नाही, झ्लातिना."

तिने पोरीला उचललं आणि ती आजोबांच्या पाण्याच्या बाटलीसाठी लागलेल्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मला चमत्कार करता येत नाही. लोकहो, हात जोडून एवढंच मागते: कुणी आकडा दाखवला तर तो कसा मोजला, कशाशी ताडून पाहिला, दुसऱ्यांदा मोजला का, हे विचारा. आकड्याचे मुके घेऊ नका. सही माझी असली तरी विचारा.

दवाखान्यात देयाच्या नावाची रक्ताची पिशवी शुक्रवारपर्यंत राखून ठेवलीय. आज गुरुवार आहे. सकाळपासून तीनदा झ्लातिनाचं दार वाजवलं. आत ती आहे, पावलं ऐकू येतात. दार उघडत नाही.