दाट सावली

पेडगावच्या अंबिकेच्या अंगात जन्मापासून रंगच नव्हता. केस, पापण्या, कातडी, सगळं पांढरंफेक. उन्हात गेली की डोळे मिटायचे, अंग भाजायचं. "पोरीला ऊन दाखव, रंग चढंल," असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आई तानुबाई तिला लहानपणी रोज अंगणात बसवायची. रंग काही चढला नाही, फोड तेवढे उठले. मग आईनं तिला घरातच ठेवलं. लग्न जमलं नाही. आई गेल्यावर अंबिका लोकांच्या डाळी भरडून पोट भरू लागली. बाया डाळ टाकायला यायच्या, पण उंबऱ्याच्या आत कुणी टेकायचं नाही.

कानावरची एक जखम भरता भरेना, तेव्हा ती यष्टीनं परभणीला गेली. डॉक्टरांनी कानाचा तेवढा तुकडा काढला आणि उन्हासाठी मलम दिलं. पुढं ते बरंच काही सांगत होते, पण अंबिकेच्या मनात एकच गोष्ट राहिली: आता आपल्याला बाहेर जाता येईल.

श्रावणात ती शेजारच्या सुमनबाईकडं गेली. "मावशी, मला बी खुरपायला न्या."

"तुला? उन्हात?"

"औषध हाय आता."

त्या दिवशी आभाळ भरून होतं. सकाळी मलम फासून अंबिका उघड्या तोंडानं बायांबरोबर खुरपणीच्या पातीला लागली. बायांनी तिला माहेरच्या गोष्टी सांगितल्या, तिच्या हळू चालणाऱ्या हाताची चेष्टा केली. इतकी माणसं एकदम तिच्याशी कधी बोललीच नव्हती.

संध्याकाळी मान आणि गाल लालभडक झाले, रात्री फोड आले.

"आभाळ हुतं की दिवसभर! औषधच खोटं हाय," सुमनबाई म्हणाली. अंबिकेलाही तसंच वाटलं. मलमाची डबी घेऊन ती पुन्हा परभणीला गेली.

"किती वेळा लावलंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी एकदा."

"घामानं ते उतरतं, बाई. दर दोन तासांनी लावायचं. ऊन ढगातूनही भाजतं. अन् मलमावर भिस्त ठेवून उघडं फिरायचं नाही. आधी अंग झाकायचं, भर दुपारी दाट सावली धरायची."

फोड वाळल्यावर ती पुन्हा शेतात गेली. अंगात वडिलांचा लांब बाह्यांचा सदरा, तोंडाला फडकं. दुपारी बाया बांधावरच्या बाभळीखाली भाकरी सोडायला बसल्या. बाभळीची सावली विरळ, सगळ्यांच्या अंगावर ऊन सांडत होतं. अंबिका तशीच पुढं गेली आणि विहिरीजवळच्या आंब्याखाली बसली.

"अंबिके, हितं ये की!" सुमनबाईनं हाक मारली.

"तुमीच या मावशी! हितं सावली दाट हाय."

"एवढ्या लांब कोण यायलंय!"

बाया हसल्या. मग त्यांचं बोलणं सुरू झालं. मधूनमधून हसू ऐकू येई, शब्द कळत नसत. अंबिकेनं भाकरी खाल्ली, मानेला मलम चोळलं, फडकं बांधलं आणि बाया उठायची वाट बघत बसली.