चर्चच्या दारातली पांढरी छत्री

मी एक जुनी छत्री आहे. पावसाची नव्हे, चित्रकाराची. निनियन गूर्ले डोंगर रंगवायला बसले की त्यांच्या कॅनव्हासवर ऊन पडू नये, म्हणून एडिनबरोच्या एका कारागिराने मला पांढरं कापड ताणून घडवलं. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर ऊन ते कितीसं! बहुतेक दिवस मी मिटूनच पडलेली असायचे. तरी तोरा केवढा! चित्राची वाहवा झाली की त्यातली अर्धी माझीच, असं मला वाटायचं.

मित्रांनो, तो तोरा एका रविवारी उतरला.

आम्ही पेगी मॅकास्किल या विधवेकडे उतरायचो. रविवार हा प्रभूचा दिवस, कसलंही काम करायचं नाही; त्या दिवशी तिच्या घरी चूलसुद्धा पेटत नसे. बटाटे शनिवारीच उकडून ठेवलेले असत.

"रविवारी रंगांना हात लावायचा नाही हं, बाबा. गावात मी तुमची हमी घेतलीय," ती म्हणाली. निनियननी शब्द दिला.

आठवडाभर धुकं होतं आणि नेमका रविवारी डोंगर लख्ख उघडला. पेगी चर्चला निघताच निनियन घरामागच्या चढावर! घाईत मला धड रोवलंही नाही. वारा आला, मी उपटले गेले आणि कोलांट्या खात थेट चर्चच्या दारात जाऊन पडले. लोक नुकते बाहेर येत होते.

"पेगी, ही कुणाची गं?" चर्चचे म्हातारे पंच टॉरकिल यांनी विचारलं.

अख्ख्या बेटावर माझ्यासारखी दुसरी नव्हती. जन्मात खोटं न बोललेली ती बाई लालबुंद होऊन म्हणाली, "माझी. वाळत घातली होती."

"आज? प्रभूच्या दिवशी?"

"पेगीला आता ऊन सोसेना वाटतं!" मागून कुणीतरी खुसखुसलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड लपवावं, तर आपलं आपण मिटताही येईना.

पेगीने मला घरी नेलं. निनियनना एवढंच म्हणाली, "बटाटे झाकून ठेवलेत. गार आहेत." तिने काय सांगितलं, ते त्यांना गावातूनच कळलं. त्या उन्हाळ्यात प्रभुभोजनाला सगळे मेजापाशी गेले, पण खोटं बोललेल्या तोंडाने प्रभूची भाकर कशी खायची, म्हणून ती बाकावरच बसून राहिली.

त्या रविवारचं चित्र एडिनबरोत गाजलं. "किती पवित्र शांतता!" असं लोक म्हणायचे आणि निनियन मान खाली घालायचे. पुढच्या वर्षी बोटीतून उतरले ते मला काखेत मारून थेट टॉरकिलकडे गेले.

"छत्री माझी होती."

"ठाऊक होतं. सगळ्यांनाच," म्हातारा म्हणाला. "तुम्ही येऊन सांगाल, म्हणून वाट पाहत होतो. पेगी गेल्या थंडीत वारली हो. शेवटपर्यंत मेजापाशी आली नाही."

निनियन मला इथेच ठेवून गेले; तेव्हापासून मी या चर्चच्या कोपऱ्यात आहे. काड्या गंजल्या, कापड विरलं, त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, तुमची लाज कुणी आपल्या अंगावर घेतली असेल, तर आजच जा. ते माणूस बाकावर बसलंय.