दुखतंय म्हणायची सोय

दक्षिण कोरियातल्या बुसान शहराच्या मासळी बाजारातल्या लोकांनी मिळून बेसबॉलचा एक संघ काढला होता. आठवडाभर पेट्या उचलायच्या आणि रविवारी नदीकाठच्या मैदानावर खेळायचं. बर्फ पुरवणारा प्यो संग-गू कप्तान, आणि सत्तेचाळीस वर्षांचा नाम ग्यू-चल पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. चौदा वर्षं चेंडू त्याच्याच हातात होता. तो आहे म्हटलं की बाकीचे निर्धास्त.

सप्टेंबरातल्या उपांत्य सामन्याला ग्यू-चल आलाच नाही. फोनही बंद. ऐन वेळी समुद्री शेवाळ विकणाऱ्या बांग नावाच्या गड्याला चेंडू फेकायला उभं केलं. पहिल्याच डावात त्याने सहा धावा दिल्या. संघ अकरा-दोननं हरला.

दुसऱ्या दिवशी बाजारात कळलं, की शनिवारी ग्यू-चलच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्याची तारीख तीन आठवडे आधीच ठरली होती. संग-गूच्या डोक्यात तिडीक गेली. ज्याच्या लेकीच्या लग्नात आपण घरच्यासारखे राबलो, त्याने एका शब्दानं सांगू नये? हरण्याचं काही नाही, पण हा सरळ दगा होता. बाजारात जो तो तेच बोलत होता. यादीतून त्याचं नाव काढा, असंही कुणी सुचवलं.

संग-गू तणतणत दवाखान्यात गेला. ग्यू-चलचा उजवा हात छातीशी बांधलेला होता आणि बायको त्याला चमच्यानं पेज भरवत होती.

"दादा, निदान मला तरी सांगायचंस," संग-गू म्हणाला.

वहिनींनी वाटी खाली ठेवली.

"सांगितलं होतं की, भाऊजी. एप्रिलमध्ये, सगळ्यांसमोर. रात्री कूस बदलता येत नाही म्हणाले. तुम्ही काय म्हणालात? दादा म्हातारा झाला, आता त्याला नातवाचा पाळणा हलवू दे. सगळे खिदळले. हेही हसले. घरी आल्यावर मात्र शर्ट काढायला मला हाक मारली."

"थट्टा होती ती, वहिनी."

"थट्टाच. पण त्यानंतर दुखतंय म्हणायची सोय उरली का? माणूस दुखणं बोलला की हसता आणि लपवलं की दगा म्हणता. त्याने करावं तरी काय?"

संग-गूला सगळं आठवलं. एप्रिलमध्ये नुसत्या विश्रांतीनं भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं वहिनींनी सांगितलं. आता हात खांद्याच्या वर जाणार नव्हता.

"मी रागावलो नाही तुझ्यावर," ग्यू-चल हळूच म्हणाला. "पण त्या दिवसानंतर तुला काही सांगावंसं वाटलं नाही, एवढं खरं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं संग-गूला वाटलं. दगा झाला होता खरा, पण तो संग-गूनं स्वतःच केला होता!

पुढच्या रविवारी त्याने संघाला सगळं सांगितलं, स्वतःचा वाटा न झाकता. मग कुणाला काय दुखतंय ते विचारलं. कुणी तोंड उघडेना. तेव्हा तोच म्हणाला, की बर्फाची लादी उचलताना कमरेत कळ येते आणि दोन वर्षं हे त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही. या वेळी कुणी हसलं नाही. बांगनं बाही वर करून सुजलेलं कोपर दाखवलं. आणखी एकानं वाकडं झालेलं बोट पुढे केलं. तिघांना बसवल्यावर संघाला लागणारे नऊ जण भरेनात, म्हणून त्या दिवशीचा मैत्रीचा सामना सोडून द्यावा लागला.

ग्यू-चल पुन्हा कधी खेळला नाही. नोव्हेंबरात एकदा आला आणि बाकाच्या पार टोकाला बसला. संग-गू शेजारी जाऊन बसला आणि खांदा कसा आहे ते विचारलं.

"दुखतोय," ग्यू-चल म्हणाला.

संग-गू बराच वेळ ऐकत राहिला.

मंडळी, घरात आणि कामावर दुखणं सांगणाऱ्याची आपण सहज टिंगल करतो आणि पुढे तो गप्प राहिला की त्यालाच दोष देतो. आपलं माणूस आपल्यापासून काही लपवत असेल, तर त्याच्यावर चिडण्याआधी, त्याने पूर्वी सांगितलं तेव्हा आपण काय केलं होतं, ते आठवून पाहावं.